दुसऱ्या गाडीचं इंजिन

त्या उन्हाळ्यात माझी दहा चाकी गाडी पाण्याच्या टँकरच्या कामाला होती. श्रीगोंद्याच्या बाजूला कालव्याजवळ एका विहिरीवर टाकी भरायची आणि कर्जत तालुक्यातल्या एका वस्तीवर नेऊन रिकामी करायची, दिवसाला दोन खेपा. वस्तीवर तीसेक घरं आणि त्याहून जास्त जनावरं. सरकारी टँकर दर चौथ्या दिवशी यायचा, त्यात माणसांचं कसंबसं भागायचं. गायी-म्हशी माझ्या पाण्यावर जगत होत्या.

मंगळवारी सकाळी भरलेली टाकी घेऊन चढ चढत होतो, तेव्हा इंजिनात घण बसावा तसा आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी थांबली. उतरून पाहिलं तर रस्त्यावर ऑइलचा पट्टा उमटला होता. आतला रॉड तुटून बाहेर आला होता, इंजिनाच्या कुशीत मूठ जाईल एवढं भोक. वस्तीवरची माणसं ट्रॅक्टर घेऊन आली, टिपांत पाणी भरून घेऊन गेली. रिकामी गाडी ओढत मी काष्टीला आणली, कारण माझ्या ओळखीचे मिस्त्री तिथे होते. साठी ओलांडलेले, फार न बोलणारे. सगळे त्यांना चाचा म्हणत.

चाचांनी भोकात बोट फिरवलं आणि हे इंजिन आता कामाचं नाही, एवढंच सांगितलं. तसलंच दुसरं इंजिन शोधायला मी नगरला, पुण्याला, ओळखीच्या प्रत्येक माणसाला फोन लावले. लवकरात लवकर पंधरा दिवस, असं सगळीकडून ऐकायला मिळालं. नगरच्या भंगार बाजारात मात्र अपघात झालेल्या एका ट्रकचं चालू इंजिन होतं. पण तो ट्रक दुसऱ्याच कंपनीचा. ते आपल्या गाडीत बसेल का, असं मी चाचांना विचारलं.

"आपसूक न्हाई बसायचं," चाचा म्हणाले. "आपल्याला बसवावं लागंल."

बुधवारी टेम्पोतून इंजिन आलं. चेनकप्पीला लटकवून चेसिसवर धरलं तेव्हा कळलं की त्याचे पाय आणि आमच्या गाडीच्या बैठका यांत चार बोटांचं अंतर आहे. जुन्या बैठका कापल्या, नवीन वेल्डिंग करून बसवल्या. मग गिअरबॉक्स जुळेना. दोघांच्या मध्ये घालायला जाड लोखंडी प्लेट हवी होती, ती लेथवर करून घेण्यात गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारी इंजिन खाली सोडलं तर ऑइलचं चेंबर पुढच्या ॲक्सलवर टेकलं. दोन इंच वर उचललं तर पंखा रेडिएटरला घासू लागला. चाचा खाली बसले आणि बराच वेळ नुसते त्या पंख्याकडे बघत राहिले. त्यांनाही पुढचं सुचत नव्हतं, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

रोज सकाळी मला वस्तीवरून फोन यायचा. एक वहिनी होत्या, नवरा गेल्यापासून सात गायींवर घर चालवणाऱ्या. वस्तीच्या वतीने त्याच बोलायच्या. कधी येताय, एवढंच विचारायच्या. मी बुधवारी उद्या म्हणालो, गुरुवारी उद्या म्हणालो. शुक्रवारी स्क्रीनवर त्यांचं नाव बघितलं आणि फोन उलटा करून टूलबॉक्सवर ठेवला.

शनिवारी काष्टीचा बाजार. गॅरेजवरून बाजाराच्या रस्त्याने सकाळपासून जनावरं चालली होती. मी गाडीखाली पाठीवर पडून नट आवळत होतो. बाजूला गायींचे खूर थांबलेले दिसले, आणि त्यांच्याशेजारी एका बाईच्या धुळीने भरलेल्या चपला.

"काल फोन उचलला न्हाई तुमी, भावजी."

मी बाहेर आलो. वहिनींच्या हातात तीन गायींची दावी होती. मधली गाभण होती. गायींच्या बरगड्या मोजता येत होत्या. मी काहीतरी खोटं सांगितलं, मोबाईल गाडीत राहिला होता म्हणून. मग म्हणालो, आज विकू नका, उद्यापर्यंत थांबा, मी हात जोडतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. चाचांकडे वळल्या.

"चाचा, उद्या व्हईल का?"

चाचांनी चिंधीला हात पुसले. "खोटं कशाला बोलू, बाई. मला म्हाईत न्हाई."

वहिनींनी मान हलवली आणि गायींना घेऊन पुढे गेल्या. त्या क्षणी मला चाचांचा भयंकर राग आला. एक हो म्हणायला काय गेलं असतं त्यांचं? पण उद्या, उद्या म्हणून मी काय केलं होतं, तेही मला माहीत होतं.

दुपारी त्या परत आल्या. गायी नव्हत्या, दावी तेवढी खांद्यावर होती. गॅरेजच्या माठातलं पाणी प्यायल्या, घटकाभर सावलीत बसल्या, आणि गावाकडचा टेम्पो आल्यावर निघून गेल्या. मी पुन्हा गाडीखाली गेलो आणि तिथे रडलो. चाचा बाजूला येऊन आडवे झाले. माझ्या तोंडाकडे न बघता त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि बोल्ट धरायला सांगितला.

संध्याकाळपर्यंत चाचांनी रेडिएटर पुढे सरकवून नवीन पट्ट्यांवर उभा केला. रविवारी दुपारी सेल्फ मारला. इंजिन नुसतं फिरलं. डिझेलच्या नळीतली हवा काढली, पुन्हा मारला, पुन्हा तेच. मग चाचा स्वतः केबिनमध्ये चढले. तिसऱ्या वेळी पांढरा धूर सोडत इंजिन सुरू झालं. कुणीही आनंदाने ओरडलं नाही. चाचांनी लांब पेचकस इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं आणि ऐकत राहिले.

मग म्हणाले, "रेडिएटर लहान पडनार हाय. सुई वर गेली की थांबायचं. पानी तर तुज्याकडं हायेच."

विहिरीवर टाकी भरून घेतली आणि वस्तीकडे निघालो. वाटेत तीनदा थांबलो, दर वेळी टाकीतलंच पाणी रेडिएटरवर ओतलं, सुई खाली यायची वाट बघितली. वस्तीवर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. एरवी लांबूनच गाडीचा आवाज ओळखून बाया हंडे-टिपं घेऊन उभ्या राहायच्या. त्या दिवशी रस्त्यावर कुणी नव्हतं. नवीन इंजिनाचा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. हॉर्न वाजवला तेव्हा माणसं धावत आली.

वहिनी सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांच्या दारात रोज चार टिपं भरायचो. मी पाईप लावला, दोन भरल्यावर त्यांनी हात वर केला.

"बास. दोन पुरत्यात आता."

पाईप पुढच्या घराकडे वळवला.

नंतर मोठा रेडिएटर बसवला, गाडीच्या कागदांवर नवीन इंजिनाचा नंबर चढवून घेतला. तो सगळा उन्हाळा गाडी एकदाही बंद पडली नाही. एका खेपेला धीर करून मी वहिनींना म्हणालो की तुम्ही एकच दिवस थांबला असता तर. त्या उरलेल्या गायींना पेंड घालत होत्या, हात न थांबवता बोलल्या.

"मलाबी कळतं ते, भावजी. पन शनवारी तुमालाच कुटं ठावं हुतं?"

मी केबिनमध्ये चढलो. दुसरी खेप आणायची होती.