खंडानंतरचा डोस

प्रा. वसुधा पेडणेकर यांना मी प्रथम पाहिलं ते विलेपार्ल्याच्या कॉलेजात, एम.एस्सी.च्या पहिल्याच तासाला. त्यांनी फळा पुसला आणि पहिल्या बाकावर बसलेल्या मला शिंकांची जी उबळ आली ती थांबेचना. वर्गात हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. "धुळीचं वावडं आहे का गं?" एवढंच त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी त्या घरून ओलं फडकं घेऊन आल्या, आणि मी त्या वर्गात असेपर्यंत फळा ओल्या फडक्यानेच पुसला गेला. तो वाळेपर्यंत त्या तोंडी शिकवत. मॅडमच्या ताई कधी झाल्या ते कळलंही नाही.

पुढे त्यांनीच मला अंधेरीला डॉक्टरांकडे, म्हणजे आपल्या यजमानांकडे, धाडलं. डॉक्टर ॲलर्जीवर इंजेक्शनं देत. ज्या गोष्टीने त्रास होतो तिचाच अगदी किंचित अंश टोचायचा, तो हळूहळू वाढवत न्यायचा आणि काही वर्षांत शरीराला तिची सवय लावायची, असा हा उपचार. इंजेक्शननंतर काही अपाय होत नाही ना, हे पाहायला अर्धा तास दवाखान्यातच बाकावर बसावं लागतं. शनिवारी दुपारी त्या बाकावर ताईही येऊन बसत.

शरीर ही सवय कशी लावून घेतं, ते गणितात मांडणं हे ताईंचं आयुष्यभराचं काम. पण त्यांच्या गणिताची सुरुवात गप्पांनी व्हायची. दहिसरहून आलेल्या बाईंना झोप लागली का, सांताक्रूझच्या काकांचा दम कमी झाला का, सगळं विचारून झाल्याशिवाय त्या लिहायला बसत नसत. आम्हा विद्यार्थ्यांनाही दंडकच होता: आधी बाकावर बसा, मग कागदाला हात लावा. मला तेव्हा हा निव्वळ वेळेचा अपव्यय वाटे.

एका वर्षी मी गणपतीला मालवणला गेले आणि आज निघते, उद्या निघते करत तिथेच रमले. इंजेक्शनं चुकली. परत आल्यावर ताईंनी आपल्या समीकरणांवरून सांगितलं, "आधीचाच डोस चालेल." डॉक्टरांनी हातातली सिरिंज खाली ठेवली.

"वसुधा, तुझ्या गणितातली माणसं गणपतीला गावी जात नाहीत का? सगळी आपली तारखेला हजर! हिला आता तोच डोस दिला तर वाट लागेल हिची. थोडं मागे येऊन सुरुवात करू."

ताई खळखळून हसल्या. "खरंच की रे. माझी माणसं फारच शहाणी निघाली."

पण त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. सगळी मांडणी मोडून पुन्हा केली. खंड पडला की कमावलेली सवय कशी ओसरते आणि किती मागे येऊन डोस सुरू करावा, हे सांगणारं नवं पद त्यांनी समीकरणात घातलं. आम्ही त्याला 'गावचं पद' म्हणतो. दरवर्षी नव्या मुलांसमोर ताई आधी आपलं चुकलेलं समीकरण फळ्यावर लिहीत आणि ते कोणी पकडलं हे अभिमानाने सांगत. आपली चूक अशी मिरवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

गेल्या वर्षी डॉक्टर गेले. हा गौरवग्रंथ खरं तर दोघांच्या पंचाहत्तरीचा व्हायचा होता. ताईंची परवानगी मागायला गेले तर म्हणाल्या, "एकटीचा सत्कार कसला करता गं? माझ्या चुका काढणारा माणूसच राहिला नाही." जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. जिना उतरताना मला रडू आवरलं नाही.

उपचार थांबवल्यावर ती सवय किती काळ टिकते, हा त्या दोघांचा शेवटचा प्रश्न. तो अर्धवट पडून आहे, आणि ताईंशिवाय आमच्याने तो पुढे सरकत नाही. दवाखाना बंद झाला तेव्हा तिथला बाक आम्ही बोरिवलीला, मी शिकवते त्या कॉलेजात आणला. शनिवारी मुलं त्यावर बसून चर्चा करतात. ताई अजून एकदाही आलेल्या नाहीत.

परवा फोनवर म्हणाल्या, "सगळं हातातून सुटलंय गं. आता नाही जमायचं."

मी जरा चिडूनच म्हटलं, "ताई, खंडानंतर पूर्ण डोस मागितलाय कोणी?"

ताईंनी हळूच विचारलं, "अर्धा तास?"

"अर्धाच तास."

"बघते," म्हणाल्या. पूर्वी ताई 'बघते' म्हणाल्या की काम झालंच समजायचं. आता तसं समजायचा धीर होत नाही.

ताई, अशा लेखाच्या शेवटी शतायुषी व्हा म्हणायची रीत आहे. पण इतकी वर्षं डॉक्टरांवाचून काढा, असं तुम्हाला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुमची प्रकृती ठणठणीत राहो. बाकी आम्ही सध्या फक्त येता शनिवार मागतो. त्याच्या पुढचा, तुम्ही बाकावर येऊन बसलात की मागू.