कात्रपच्या चाळीस जणींचे हात

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर यशोधरा रोकडेचा शिवणकामाचा गाळा आहे. आधी ती उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कटिंगला होती. तिथली दहा वर्षं संपवून स्वतःचं मशीन घेतलं आणि इथे बदलापूरला, कात्रपमध्ये गाळा थाटला. उंचीने जेमतेम पाच फूट, पण हाक मारली की तिसऱ्या मजल्यावरचा माणूस ‘ओ’ देतो. एखादी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली की ती बाहेर पडेपर्यंत तिलाही चैन नाही आणि आम्हालाही नाही. गेल्या मार्चमध्ये अशीच एक शिरली.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी बायकांचं लेझीम पथक उभं राहत होतं. बदलापूरच्या चाळीस जणी, अंबरनाथच्या चोवीस. सगळ्यांना एकसारखे निळे कुर्ते, आणि ते शिवायचं काम यशोधराकडे. आम्ही चाळीस जणी तर हाताशीच होतो. अंबरनाथच्या बायका जमवणाऱ्या नूतनने मोबाइलवर यादी पाठवली. त्यात नाव, छातीचं माप आणि उंची, बस्स.

यशोधराने लगेच फोन लावला. “नूतन, बाहीची मापं कुठायत?”

“ताई, कंपनीत दिवसपाळी-रातपाळी चालू आहे, कुणीच मोकळं नाही. ब्लाउजचं माप प्रत्येकीला पाठ असतं, ते दिलं. उंची कंपनीच्या तपासणीतली आहे. बाहीचं तेवढं तुम्ही बघा ना!”

“मी काय ज्योतिषी आहे का?” म्हणत यशोधराने फोन ठेवला.

गाळ्याच्या दारात तिच्या सासूबाई, भिमाबाई, लसूण सोलत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, कान तीक्ष्ण. त्या म्हणाल्या, “त्यात काय येवढं? माणूस आपल्या हातानं साडेतीन हात. उंची कळली की हात कळला!”

हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. यशोधराने तिथल्या तिथे टेप काढून स्वतःला मोजलं. हात साडेसोळा इंच. त्याचे साडेतीन केले तर पावणेअठ्ठावन्न, आणि ती होती साठ.

“आई, तुमच्या हिशेबाने मी सव्वादोन इंच जास्तीची आहे.”

“मंग तू चुकलीस. मला मोज.”

भिमाबाईंना भिंतीला उभं केलं. उंची छप्पन्न, हात सोळा. बरोब्बर साडेतीन, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही! म्हातारीने लसणाची टोपली खाली ठेवली आणि टाळी वाजवली. “बघ! सगळे चूक, मी बराबर!”

तेवढ्यात स्वप्नाली आली, ड्रेस न्यायला. ती अंबरनाथला एका कारखान्यात तपासनीस आहे. यंत्रातून निघालेले भाग मोजायचे आणि कागदावर ठिपके मांडायचे, हे तिचं रोजचं काम. प्रकार ऐकून तिने ड्रेसची पिशवी बाजूला ठेवली ती ठेवलीच.

“आजी, वय झालं की पाठ वाकते, उंची कमी होते. हात तेवढाच राहतो. म्हणून तुम्ही आत्ता साडेतीन झालात!”

“म्हंजे मी आत्ता कुठं बराबर झाले?”

“हो!” स्वप्नाली हसून लोटपोट झाली. मग यशोधराला म्हणाली, “ताई, दोघींवरून काही ठरत नाही. चाळीस जणी आहेत ना? तीस जणींना मोजू. उंचीचं आणि बाहीचं नातं आहे का, आणि असलं तर किती घट्ट, ते ठिपक्यांतच दिसेल. मग उरलेल्या दहा जणींची बाही न मोजता सांगायची आणि नंतर टेप लावायची. खरं-खोटं तिथेच कळेल.”

झालं! रविवारी सकाळी गाळ्यासमोर रांग लागली. यशोधराने कटिंगचा मोठा खाकी कागद जमिनीवर पसरला. खालच्या कडेला उंचीचे आकडे, डाव्या कडेला बाहीचे. खडूचे ठिपके पायाने पुसले जातील म्हणून तिने टिकल्यांची पाकिटंच आणली. जिची उंची, बाही आणि भिमाबाईंच्या हट्टाने कोपरापासूनचा हातही मोजून झाला, तिने आपल्या हाताने आपल्या जागी टिकली लावायची. काय गोंधळ म्हणता! कुणी टाचा उचलून उभी राहते, कुणी अंबाडा सोडायला तयार नाही, कुणाला म्हणे चमकीचीच टिकली हवी. भिमाबाई खुर्ची टाकून पहाऱ्याला. “ए, टाचा खाली! उंचीला काय बक्षीस नाय!” मी सत्ताविसावी. माझी टिकली हिरवी, जरा खालच्या अंगाला.

तिसावी टिकली लागली आणि सगळ्या कागदावर वाकलो. त्या टिकल्या कशाही विखुरल्या नव्हत्या. डावीकडून उजवीकडे, खालून वर, तिरक्या चढत गेल्या होत्या. एका ओळीत नव्हे, पण एका पट्ट्यात. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं की आम्ही मिळून असं काही आहोत!

स्वप्नालीने गणित करून मधोमध रेघ मारली. “साठ इंच उंचीला बाही साडेएकवीस. उंची अडीच इंच वाढली की बाही इंचभर वाढते.”

“आणि माझं साडेतीन?” भिमाबाई.

“सरासरी पावणेचाराच्या थोडी अलीकडे येते, आजी. तुमच्याजवळपासच आहे.”

“चालंल,” म्हातारी म्हणाली.

आता उरलेल्या दहा जणी. स्वप्नाली उंची विचारून रेघेवर बोट ठेवायची, यशोधरा बाहीचा आकडा ओरडायची आणि मग टेप लागायची. पहिली जुळली, आरोळी. दुसरी पाव इंचाने चुकली, तरी आरोळी. नऊ जणींत आठ अर्ध्या इंचाच्या आत, एक पाऊण इंचाने लांब. रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून विचारायला लागले, “मॅच है क्या?”

दहावी कौसाबाई. शाळेत पोळ्या लाटायला जाते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. उंची एकोणसाठ.

“एकवीस!” यशोधरा ओरडली. टेप लावली. पावणेतेवीस. पुन्हा लावली. पावणेतेवीसच.

कौसाबाईचा चेहरा पडला. “माझं काय चुकलं का?”

“तुमचं काही चुकलं नाही, मावशी,” स्वप्नाली म्हणाली. “रेघ सगळ्यांच्या मधून जाते, प्रत्येकीतून जात नाही. तुमचे हात लांब आहेत, एवढंच.”

कौसाबाई आपल्या मनगटांकडे बघत राहिली. “लहानपणापासून माझ्या बाह्या आखूड येतात. आई म्हणायची, शिंपी कापड खातो. सासू म्हणायची, मीच धुताना आटवते. तीस वर्षं मी बाह्या खाली ओढत फिरते गं!”

आणि ती जी हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आम्ही सगळ्या तिच्यासोबत. मग तिने सर्वांत मोठी लाल टिकली मागून घेतली आणि रेघेपासून दूर, वर, ऐटीत लावली.

तिथेच उभ्या उभ्या यशोधराने ठरवलं. अंबरनाथच्या चोवीस बाह्या रेघेवरून कापायच्या, पण प्रत्येक बाहीला आत दोन इंचांची दुमड ठेवायची. “तिकडेही एखादी कौसाबाई असणारच,” ती म्हणाली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गाठोडं घेऊन यशोधरा, स्वप्नाली आणि मी अंबरनाथच्या समाजमंदिरात गेलो. यशोधराच्या कपाळावर घाम. नूतनने एकेकीला कुर्ता दिला. चोवीस निळ्या बायका हात पुढे करून उभ्या राहिल्या आणि यशोधरा त्यांच्या मनगटांवरून नजर फिरवत धावत सुटली. एकोणीस अगदी नेमक्या. चौघींची दुमड थोडी सोडावी लागली, एकीची अर्धा इंच आत घ्यावी लागली. सुईदोऱ्याने पाऊण तासात काम संपलं.

“ताई, आम्हाला न बघता कसं जमवलंत?” नूतनने विचारलं.

यशोधरा नुसतीच हसत सुटली. तेवढ्यात हलगी वाजली, सराव सुरू झाला. कुणीतरी तिच्या हातात लेझीम कोंबली आणि तिला दुसऱ्या रांगेत ओढलं. तिला एकही पवित्रा येत नव्हता. सगळ्या डावीकडे वाकल्या की ही उजवीकडे, सगळ्या बसल्या की ही उभी. तासभर नाचली.