विकतचा म्हणून गाजलेला नानाचा कर्णा

परभणीला बसमध्ये सोनपेठचं तिकीट मागितलं, तेव्हा कंडक्टरचा पंच करणारा हात थांबला. "गुर्जी, नाना सरांकडंच जायलात का? सर सकाळीच गेले." तो नानाचाच विद्यार्थी. नानाला भेटायलाच मी निघालो होतो. कंडक्टरने तिकीट दिलं, मी घेतलं आणि सोनपेठ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो... त्याला आता महिना होऊन गेला. नाना म्हटलं की मला त्याचा कर्णाच आधी आठवतो, आणि त्या कर्ण्याबद्दल एक साक्ष लिहून ठेवायची राहून गेली आहे.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघं सोनपेठच्या शाळेत मास्तर. मी मराठी शिकवायचो, नाना ड्रॉइंग. त्याने कुठूनसा बॅटरीवरचा जुना रेडिओ पैदा केला होता, पण त्याला कर्णा, म्हणजे लाऊडस्पीकर नव्हता. हेडफोन कानाला लावून एकट्याने ऐकायचं. त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना, गाण्याचं वेड. पण सासूसासऱ्यांदेखत सुनेने कानाला टोपणं लावून बसणं त्या घरात शक्य नव्हतं. मग नाना ऐकायचा आणि तेच गाणं चुलीपाशी उभं राहून वहिनींना म्हणून दाखवायचा. त्याचा गळा असा होता की प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तर त्याला मुद्दाम हजेरीपटाच्या कामाला बसवत. वहिनींनी आठ दिवस सोसलं. मग म्हणाल्या, "तुमचं न्हाई, त्या बाईचं गाणं ऐकायचंय मला." नानाने शब्द दिला, पाडव्याच्या आत कर्णा वाजेल.

आता तो विकत आणावा की घरी करावा, यावर आमचा महिनाभर काथ्याकूट चालला. मी विकतच्या बाजूचा. हैदराबादेत तयार मिळतो, जोडला की वाजतो, एवढंच माझं सरळ म्हणणं. नाना म्हणायचा, "विकतचा बिघडला की हैदराबाद गाठा. घरचा बिघडला तर कुठं काय चिकटवलंय ते आपलं आपल्याला ठाऊक." तो बिघडणार हे त्याने गृहीतच धरलं होतं. शेवटी घरी करायचं ठरलं, म्हणजे त्याने ठरवलं आणि मी दमलो.

हेडफोनमधल्या चकतीला सुई चिकटवायची आणि सुईच्या टोकाला कागदाचा मोठा शंकू; चकती थरथरली की शंकू बोलतो. युक्ती साधी, पण कागद काही जमेना. पतंगाच्या कागदाने बाई फडफडायची. ड्रॉइंगच्या कागदाने तिला पडसं झालं. वहिनी रोज खळ शिजवून द्यायच्या, रोज ऐकायच्या आणि मान हलवून भाकरी थापायला जायच्या. पाडवा चार दिवसांवर आला. शाळेच्या कपाटावर निजामाच्या रियासतीचा एक फाटका नकाशा पडून होता. तो खारीज करायची परवानगी तीन वर्षं वरून येत होती. विलायती कागद, पातळ आणि चिवट. नानाने त्यात मधोमध कात्री चालवली आणि अर्ध्या नकाशाचा शंकू केला... बाई अशी स्वच्छ गायली की वहिनींची भाकरी तव्यावरच करपली. नानाने शंकूची कड लाखेने एका लाकडी पेटीत कायमची डकवली आणि वरून कापड ताणलं.

पुढे तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, साहेब तपासणीला आले आणि नानाकडे चहाला बसले. आत गाणं सुरू. साहेब म्हणाले, "मास्टर, ये कहाँ से मंगाए?" सरकारी नकाशा कातरून केलाय असं सांगितलं असतं तर नोकरी गेलीच असती, आणि दिवस असे होते की नुसती नोकरी जाऊन भागलं नसतं, कोठडीही बघावी लागली असती. नाना म्हणाला, "हैदराबाद से, साहब." साहेब खूश. "हमना भी ऐसाच होना, एक लाके देव."

मग नाना चार दिवसांची रजा टाकून हैदराबादेला गेला, म्हणजे माझ्या माडीवर जाऊन बसला. तिथे त्याने उरलेल्या अर्ध्या नकाशाचा दुसरा कर्णा केला आणि साहेबांनी तो मोठ्या प्रेमाने नेला. मराठवाडा वहिनींकडे राहिला, तेलंगण साहेबांकडे गेलं. पुढे राज्याची वाटणी झाली तीही बरीचशी अशीच. नानाची कात्री दहाएक वर्षं आधी चालली एवढंच. गावाला मात्र त्याने प्रवासाची इतकी वर्णनं ऐकवली, की कधी न पाहिलेला चारमिनार त्याने थेट नदीच्या पात्रात उभा केला होता.

निजामाचं राज्य गेलं, तेव्हा बाजारच्या दिवशी नाना चौकात उभा राहिला आणि म्हणाला, तो कर्णा मी केलाय. लोक हसले. "कंपनीचा माल लपत नसतो, मास्तर. आन् हैद्राबादेला काय हवा खायला गेल्ते का?" इतकं बेमालूम खोटं बोलल्याचं हे फळ. त्याला ते मनापासून लागलं. मी साक्ष दिली, तर मी पडलो त्याचा दोस्त. पेटी उघडून दाखवायची तर लाख उचकटणार आणि शंकू फाटणार. "मग ही काय ऐकंल?" एवढंच तो मला म्हणाला. रेडिओ दोनदा बदलले, कर्णा तोच राहिला, आणि हैदराबादेच्या दुकानाची तारीफ नाना तीस वर्षं ऐकत राहिला. मला तेव्हा त्याचा राग यायचा. आता नुसतं वाईट वाटतं.

तेराव्याला मी ही सगळी हकीकत त्याच्या मुलाला, अरुणला सांगितली. तो रेडिओ दुरुस्तीचं काम करतो, आणि त्यालाही ती बापाची थापच वाटत आली होती. ऐकून तो उठला आणि पेचकस घेऊन आला. "उघडूनच बघू, काका. नकाशा निघाला तर सगळ्या गावाला बोलवून दाखवतो." खोटं कशाला बोलू, मलाही तेच हवं होतं.

सुमनवहिनी येऊन पेटीपुढे बसल्या.

"आई, बाबांचं नाव होईल की."

"तीस वर्सं त्यांनी उघडली न्हाई," वहिनी म्हणाल्या. "तू कोण उघडणार? सरक, गाण्याची येळ झालीय."

अरुणने पेचकस खाली ठेवला आणि रेडिओचं बटण फिरवलं. आम्ही तिघं गाणं संपेपर्यंत तिथेच बसलो. पेटी अजून बंद आहे, आणि उघडावी असं आता मलाही वाटत नाही. म्हणून हे लिहून ठेवतो. तो कर्णा नानाने केला होता.