दसऱ्याला पळालेला चोर

आमच्या कोपरच्या सोसायटीत पक्की बातमी होती, की तिसऱ्या मजल्यावरचा उत्तम म्हसकर लोकांचे फोन चोरून ऐकायचा, म्हणून कंपनीने त्याला हाकलला. बातमी अर्धी खरी. हाकलला. ऐकत मात्र तो कुणाचंच नव्हता, बायकोचंसुद्धा नाही.

उत्तम फायबरची केबल जोडायचा. केसाएवढी काच सोलायची, स्पिरिटने पुसायची, मशीनमध्ये टोकाला टोक वितळवायचं. हाताला सदा स्पिरिटचा वास, त्यामुळे तो पितो ही बातमीही आम्ही काही महिने चालवलेली.

वीस वर्षं हेच केल्यावर त्याला एका कंपनीने ठाणे-कल्याण क्वांटम लाइनवर घेतलं. तिथे प्रकाशाच्या एकेका कणावरून संदेश उघडायची गुप्त किल्ली जाते. वाटेत कुणी डोकावलं की कण बिघडतात आणि दोन्ही टोकांना कळतं. स्क्रीनवर लाल अक्षरं येतात: लाइनवर कुणीतरी आहे. उत्तम हे इतक्या थाटात सांगायचा, की आम्हाला हसू दाबावं लागायचं.

गेल्या नवरात्रात पहिल्या माळेपासून रोज संध्याकाळी सातला लाल अक्षरं यायला लागली. बिघाड सापडला टेंभी नाक्याजवळच्या चेंबरमध्ये. तिथला जोड उत्तमचा, चेंबरची चावीही त्याच्याकडे.

उत्तम खाली उतरून केबलला हात लावून आला. इंजिनिअर सुश्रुत लिमयेला म्हणाला, "साहेब, देवीच्या मांडवाचा खांब चेंबरला टेकलाय. ढोल सुरू झाले की केबल थरथरते. चोर नाही, ढोल आहे."

"म्हणजे आपली किल्ली देवी चोरते?" सुश्रुतने विचारलं. अख्खं ऑफिस हसलं.

नवमीला उत्तमकडून चावी काढून घेतली आणि त्याला घरी पाठवलं. दसरा झाला, ढोल थांबले, लाल अक्षरं गेली. सुश्रुतने अहवालात लिहिलं, 'संशयिताला दूर करताच हेरगिरी थांबली.' त्याला बढती मिळाली. उत्तमला हे वाक्य दुसऱ्या कंपनीत कळलं, नोकरी नाकारताना त्यांनी वाचून दाखवलं तेव्हा.

आम्हीही मागे नव्हतो. त्याची बायको संचिता हळदीकुंकवाला आली, तर बायकांनी आपापले मोबाईल पालथे घातले. ती वाण न घेताच गेली. मी लिफ्टमध्ये उत्तम दिसला की फोन कानाला लावून म्हणायचो, "नंतर बोलू रे, उत्तम आलाय." लिफ्टभर हशा. पुढे तो जिन्याने जायला लागला, गुडघा धरून. आमची करमणूक तेवढी गेली.

जोडणीचं काम त्याला कुणी देईना. आता तो शहाडच्या गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावतो.

यंदा सहाव्या माळेला सुश्रुत त्याच्या दारात उभा. मी अर्थातच दार किलकिलं करून होतो.

"उत्तमराव, लाल अक्षरं परत आलीत. रोज सातला." गेल्या वर्षीचा 'उत्तम' एका वर्षात 'उत्तमराव' झालेला. "आणि चेंबरची चावी आता माझ्याकडे असते. वरचे माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतायत. तुम्ही तेवढं ढोलाचं लिहून द्या ना. तुमचा शब्द आहे म्हटल्यावर..."

उत्तमने त्याला आत घेतलं नाही. उंबऱ्यातूनच म्हणाला,

"घाबरू नका, साहेब. नवमीला ते तुम्हाला काढतील, दसऱ्याला लाइन सुधारेल."