चौथी घागर

आफ्रिकेतल्या मोंबासाच्या बंदरात मला आगबोटीवर चढवताना बाबा एवढंच म्हणाले, "मराठी लिहाले-वाचाले शिकून ये. अन् मोठ्या मायले तरास देऊ नको." मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. जन्मले तिथेच, वाढले तिथेच. वऱ्हाड माहीत होतं ते बाबांच्या बोलण्यातून. तुम्ही स्वतः का येत नाही, असं विचारलं की नेमकं तेव्हाच त्यांना गोदीवरचं काम आठवायचं. "पुढच्या उन्हाळ्यात तुम्हाला घेऊनच जाईन, बघा," मी बजावलं. त्यांनी हसून माझी ट्रंक हमालाच्या डोक्यावर दिली.

शेगावचं एक मुसलमान व्यापारी कुटुंब मुलखाला परतत होतं, त्यांच्या सोबतीने मी आले. स्टेशनवर मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, घ्यायला आले होते. एवढ्या झुपकेदार मिशांचा माणूस, पण मला पाहिलं आणि चारचौघांत ढसाढसा रडायला लागला! मेहकरकडच्या आमच्या गावात तर कहरच. मी कोणाची मुलगी ते कळलं की बाया माझ्या गालावरून हात फिरवून पदराने डोळे टिपायच्या. असा संताप यायचा मला. मी काय अनाथ होते? आई-बाबा दोघंही तिकडे धडधाकट होते.

अभ्यास मात्र झाला. ऊन तापायच्या आत गावचे गुरुजी ओसरीवर येऊन शिकवायचे. मोठी माय, म्हणजे बाबांची वहिनी, कुरडया घालता घालता ऐकत बसायची. सासू गेल्यावर तिनेच बाबांना वाढवलं होतं. एकदा गुरुजींनी मनाने चार ओळी लिहायला सांगितल्या. मी लिहिलं, 'पुढच्या वर्षी माझे बाबा या घरी येणार.' गुरुजींनी मोठ्या मायकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "दुसरं काही लिही, बाळ." तिने मान वर केली नाही.

मग आखाजी आली. आमच्याकडे अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याच्या घागरी भरतात. मोठ्या मायने पाटावर मातीच्या घागरी मांडल्या, एकेकीवर आंबा ठेवला. मोठेबाबा समोर गोवरीच्या निखाऱ्यावर पुरणपोळी-तुपाचा घास टाकत होते. मी कौतुकाने विचारत होते, ही कोणाची? आजोबांची. ही? आजीची. तिसरी चुलत आजोबांची.

"आणि ही चौथी?"

मोठी माय म्हणाली, "तुह्या बापाची."

दोन आठवडे आगबोट नि रेल्वे करून मी इथे आले, तेवढ्यात बाबा गेले आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही! मी किंचाळलेच. तेव्हा तिने मला जवळ ओढलं.

"जिता हाय वं तो, जिता हाय! पन ह्यायच्यासंग भांडून गेला, तं बारा वर्स ना कागद ना निरोप. मंग पळसाच्या पानायचा पुतळा केला, चितेवर ठेवला अन् जायला. रीतच हाय तशी. पत्र आलं थे त्याच्या मंग."

"मग आता तर कळलंय ना!"

"कयलं. पन जायलेल्या मानसाले घरात घ्याचं तं त्याले पुन्हा जल्माले घाला लागते. पायन्यात निजवा, बारसं करा, तुह्या मायसंग पुन्हा लगन लावा. तो म्हन्ते, मी काय तान्हा हाओ? हे म्हन्तेत, त्याच्याबिगर उंबऱ्यात पाय नाही. दोघं भाऊ सारखेच हट्टी! तवरोक मी घागर नाही भरली, तं माहं लेकरू तिकडं तहानलेलं राहीन."

मला काही ऐकायचं नव्हतं. जिवंत माणसाला जाळतात? आणि वर पाणी पाजतात? मी आंबा भिरकावला, चौथी घागर उचलली आणि तोंडाला लावली.

"अवं, काय करून राह्यली! पितराचं पानी हाय थे!" मोठेबाबा ओरडले.

"माझा बाप जिवंत आहे!" मी ओरडले, आणि फ्रॉक भिजेपर्यंत घटाघटा प्यायले. रिकामी घागर पाटावर आपटली.

आता मार बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. कोणीच मारलं नाही. डोळे उघडले तर मोठी माय रांजणातून पाणी घेऊन तीच घागर पुन्हा भरत होती. मग तिने अंगणातला आंबा उचलला, पदराला पुसला आणि घागरीवर ठेवला.

परतीच्या आगबोटीवर मी एकच ठरवत आले. बाबांना यातलं काही सांगायचं नाही. त्यांच्या काळजाला घरं पडतील.

बाबा धक्क्यावर उभे होते. माझी ट्रंक उतरवून घेतली, पण कशी आहेस, काय शिकलीस, काही नाही. खालच्या आवाजात विचारलं, "आखाजीले माही घागर भरली व्हती का वं?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"माईत हाय. भरली व्हती का, थे सांग."

"दोनदा," मी म्हणाले.

बाबा तिथेच ट्रंकेवर बसले आणि भर धक्क्यावर हमसून हमसून रडले.