दाराबाहेरचं बाकडं

संग्रामपुरातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत पेशंट कधी एकटा येत नाही. सोबतचा माणूस आधी खुर्ची पकडतो आणि पेशंटच्या वतीने बोलायला लागतो. ही इथली माया आहे. या मायेनेच मला एकदा तोंडघशी पाडलं.

शेतकरी घरातल्या, पंचेचाळिशीच्या एका बाईचा उजवा खांदा जखडला होता. सोबत सासू. मी बाईला हात सैल सोडायला सांगितला आणि स्वतः उचलून पाहिला. माझ्या हातातही तो खांद्याच्या वर जाईना, बाहेर तर वळेचना. म्हणजे सांधाच आखडलेला. आता जोर किती लावायचा ते दुखण्यावर ठरतं, म्हणून विचारलं, "रात्री या कुशीवर झोपता येतं?"

"झोपते नं चांगली," सासू म्हणाली. "तिले सोसते. तुम्ही वढा बिनधास्त."

सून खाली बघत होती. मी कागदावर 'दुखणं कमी' असं लिहिलं आणि हात चांगला ताणला.

चार दिवसांनी ती हात पोटाशी धरूनच आली. तेवढ्यात सासूचा फोन वाजला, ती बाहेर गेली. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"तीन महिने झाले, भिंतीले टेकून बसल्या बसल्या डोळा लागते तेवढाच."

"मंग पहिल्याच दिवशी काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही मले कुठं इचारलं? तुम्ही त सासूकडे पाहून राह्यल्या होत्या."

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. सासूवर खापर फोडायचीही सोय नव्हती. मी उठले आणि दाराला आतून कडी घातली.

सासूने दार बडवलं. दार लावून तपासणार असाल तर सुनेला पाठवणार नाही, असं तिने बजावलं. मीही ऐकणारी नव्हते. दुसऱ्याच दिवशी दाराबाहेर बाकडं टाकलं: पेशंट आत, बाकी सगळे बाकड्यावर. एका निवृत्त मास्तरांनी बायकोला तसंच परत नेलं. शेजारचा मेडिकलवाला म्हणाला, "म्याडम, पेशंट तुटतीन." म्हटलं, तुटू द्या.

पण ती बाई आठवडाभर फिरकली नाही, तेव्हा माझा तोरा उतरला. तिचा हात तसाच राहिला असता तर त्यात माझा वाटा होता.

नवव्या दिवशी ती काळीपिवळी जीपमधून एकटीच उतरली. "घरी सांगून आली," ती म्हणाली, "इचारून नाही."

या वेळी ताणाताणी नव्हती. आधी शेक आणि टेबलावर वाकून हात नुसता झुलवायचा. दुखणं उतरल्यावर भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. जिथे थांबतील तिथे ती स्वतः पेन्सिलीने रेघ मारायची. काही आठवडे रेघ जागची हललीच नाही, तरी ती येत राहिली. सात महिन्यांनी रेघ लाईटच्या बटणाच्या वर गेली. त्या दिवशी तिने माझ्यासमोर दोन्ही हात मागे नेऊन अंबाडा बांधला, आणि मला रडू आलं.

परवा सासू आली, डावा खांदा धरून. मागे मुलगा. मी विचारलं, "कधीपासून दुखतं?"

"मायले ना म्याडम, दिवाळीपासून..." मुलाने सुरुवात केली.

सासूने त्याच्याकडे वळून पाहिलं. "तू बाहेर बाकड्यावर बस. खांदा माहा हाय."

आणि उजव्या हाताने तिनेच कडी लावली.