उलटी मोटर आणि माझी फायनान्सची डिग्री

हल्ली इंजिनीअरिंग करून फायनान्सकडे वळणारी पोरं आमच्या सिंदी मेघेत घरोघरी सापडतात. माझी नात त्यातलीच. हा शोध आपल्या पिढीनंच लावला असं तिला वाटतं. मी पन्नास वर्षांपूर्वीच हे दिवे लावून बसले आहे, हे तिला कोण सांगणार?

मी तेव्हा ताजी ताजी इलेक्ट्रिकल इंजिनीअर. माझ्या माहेरच्या गावी, आंजीत, त्याचं केवढं अप्रूप! बाबा शाळामास्तर, वर्गातल्या पोरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी ते ऐकवून झालं होतं. आणि मला भरायचा होता एमबीएचा, फायनान्सचा, फॉर्म. त्यावर बाबांची सही हवी होती आणि मुदतीला आठच दिवस उरले होते. फॉर्म उशीखाली, तोंडाला कुलूप.

अशात शेजारचे काका आले. "बाई, विहिरीवरची मोटर फिरते, पण पाणी चढून नाई राह्यलं. पाहून दे ना जरा."

"मला जमत नाही" म्हणायला काय जात होतं? पण नाही. ओढणी कमरेला बांधून बाई निघाल्या. मागे पाच-सात रिकामटेकडे. मोटर सुरू केली, डोळे मिटून आवाज ऐकला आणि डॉक्टरणीच्या थाटात जाहीर केलं, "कॉइल जळली. वर्ध्याला न्या."

गर्दी पाहून वायरमनने सायकल थांबवली. "जळलेली मोटर फिरते काय वो म्याडम?"

त्याने तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली. उलटी फिरणारी मोटर सरळ फिरली, पाणी भसाभस आलं. हेच मी दुसऱ्या वर्षी पाठ करून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते!

घरी आले आणि तडक फॉर्म बाबांपुढे ठेवला. मोटरीची बातमी माझ्याआधीच घरी पोचली होती; याहून वाईट मुहूर्त पंचांगात शोधून सापडला नसता.

"मोटरीच्या लाजेनं पळून राह्यली काय?"

"नाई बाबा. देशाच्या औद्योगिक प्रगतीसाठी भांडवलाचं नियोजन..."

"भाषण नको. खरं सांग."

"सांगून टाक ना पोरी," आई चुलीपाशी बसूनच म्हणाली, "भाकरी थंड होऊन राह्यल्या."

मग मी सांगितलं. "मोटर कशी फिरते, याच्यात माझा जीव नाई रमत बाबा. ती घ्यावी का, परवडते का, कारखान्यासाठी पैसा कुठून उभा करावा, याच्यात रमतो. शेवटच्या वर्षी तसा एकच विषय होता. तेवढाच मी हसत वाचला."

"अन् बाकीचे?"

"रडत."

बाबांनी फॉर्म उलटून पाहिला. मग हळूच म्हणाले, "पण आता मी गावाले काय सांगू?"

जेवण झाल्यावर त्यांनी पेन मागितलं, सही केली आणि झोपायला गेले.

सकाळी दारातूनच त्यांनी काकांना हाक मारली. "पोरगी याच्यापुढचं इंजिनीअरिंग शिकाले चालली! त्याच्यात मोटरीले हात लावाच लागत नाई."

मी, कालची सत्यवादी, मागे उभी राहून "हो हो" म्हणत होते.

काका म्हणाले, "लय चांगलं. तिनं हात न लावलेलाच बरा."